एमरीचे नारिंगी बोये

वेल्माच्या हिशेबानं धुक्याचा हा तिसरा दिवस होता आणि नवऱ्याच्या खुशीचा दुसरा. परवापर्यंत नकाशा दाखवणारं यंत्र चालू होतं, तोवर ऑरिन गप्प होता. काल खाऱ्या हवेनं त्या यंत्राचा जीव घेतला आणि हा गुणगुणायला लागला. यंत्र बंद पडल्याचा आनंद होणारा माणूस आपल्याच वाट्याला यावा, याचं वेल्माला आता नवल वाटत नव्हतं. नवल वाटायला अंगात जोर लागतो, आणि तिच्यात तो उरला नव्हता.

दोन वर्षांत परत येऊ, असं सांगून त्यानं तिला 'थिसल' या त्यांच्या शिडाच्या होडीवर चढवलं होतं. त्याला नऊ वर्षं झाली. "एवढा एकच हिवाळा दक्षिणेला काढू" हे वाक्य त्यानं सात वेळा म्हटलं होतं. सातही वेळा ती कुठल्या बेटावर होती आणि हातात काय धरून होती, हे तिला आठवत होतं. आता तिच्या गुडघ्यांना पायऱ्या नको होत्या, गाद्यांना ओलीचा वास होता, आणि न हलणाऱ्या पलंगावर झोपावं यापलीकडे तिला देवाकडे काही मागायचं नव्हतं. मिंक कोव्ह या त्यांच्या किनाऱ्यावरच्या गावात चर्चच्या मागे त्यांचं लहानसं घर होतं. भाड्यानं राहणारी शिक्षिका सप्टेंबरात ते सोडणार होती.

काल डब्यातले बीन्स खाता खाता ठराव झाला होता. ऑरिन म्हणाला, या धुक्यातून कुणाला एक शब्द न विचारता होडी मिंक कोव्हात नेली, तर ऑक्टोबरात पुन्हा दक्षिणेला जायचं आणि घराचं नाव काढायचं नाही. विचारावं लागलं, तर घर. वाद घालण्यापेक्षा हो म्हणणं सोपं होतं, म्हणून वेल्मा हो म्हणाली. शिवाय तिला त्याची पद्धत माहीत होती. पद्धत चांगली होती, हीच तर पंचाईत.

अमेरिकेतल्या मेनच्या या किनाऱ्यावर शेवंडं धरणारा प्रत्येक जण तळाशी सोडलेल्या पिंजऱ्यांना दोरानं बांधलेले खुणेचे तरंगते बोये आपल्या रंगात रंगवतो, आणि पिंजरे टाकायची त्याची जागा बापापासून ठरलेली असते. त्यामुळे इथं वाढलेल्या माणसाला किनारा दिसायची गरज नसते. पाण्यावर कुणाचा रंग तरंगतोय ते पाहायचं, की आपण कुणाच्या दारात आहोत ते कळतं. वाट विचारायची ती उन्हाळी पाहुण्यांनी. आपल्याच बंदराची वाट विचारलेला गावकरी पुढची वीस वर्षं सगळ्यांच्या तोंडी राहतो.

वेल्मा नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, ओल्या कोटात उभी राहून रंग सांगत होती आणि ऑरिन सुकाणूवरून नावं लावत होता. हिरवा-पिवळा म्हणजे कूम्ब्स बंधू, म्हणजे डावीकडे घंटेचा तराफा. घंटा खरंच वाजली. पांढऱ्यावर लाल पट्टा म्हणजे गिल्की. मग बराच वेळ नुसतं राखाडी पाणी, आणि मग नारिंगीवर काळा पट्टा.

"एमरी स्टॅनवुड!" ऑरिन ओरडला. नऊ वर्षांत त्याचा आवाज इतका तरुण झाला नव्हता. "आता झोपेत नेतो बघ."

बंदराच्या तोंडाशी 'कोंबडी' नावाचा खडक आहे, पाण्यात लपलेला. एमरीचे पिंजरे तीस वर्षं कोंबडीच्या बाहेरच्या, खोल कडेला असत. एमरीचे बोये डाव्या हाताला ठेवून त्यांना चिकटून गेलं, की खडक आपोआप त्यांच्या पलीकडे राहतो. आंधळ्यालाही जमावं.

वेल्मानं मनातल्या मनात ऑक्टोबरचं सामान भरायला घेतलं. दुसरा बोया गेला, तिसरा गेला. तिसरा इतका जवळून गेला की तिला त्यावरचा रंग नीट दिसला. ताजा, चकचकीत, काळ्या पट्ट्याची कड पट्टीनं आखल्यासारखी सरळ. एमरी रंगाच्या बाबतीत महाचिक्कू. जुना रंग पोपडे होऊन गळून पडेपर्यंत तो डबा उघडत नसे, आणि उघडलाच तर पट्टा दारू प्यायल्यासारखा ओढत असे.

ती काही क्षण गप्प राहिली. ते क्षणही तिनं स्वतःच्या नावावर मांडून ठेवले. गप्प राहून ती जिंकणार होती, पण खडकावर.

"हे एमरीनं रंगवलेले नाहीत," ती म्हणाली.

"बोया तो बोया."

"ऑरिन, शेवाळाचा वास येतोय. पाण्याची खोली बघ."

खोली मोजणाऱ्या काट्यावर अकरा फूट होते. मग नऊ. मग आठ, आणि 'थिसल'ला तरंगायला सहा लागत. ऑरिननं इंजिन उलटं फिरवलं, पण चहूकडे पिंजऱ्यांचे दोर होते. एखादा पंख्यात अडकला असता तर सगळंच संपलं असतं. त्यानं इंजिन बंद केलं आणि नांगर सोडला. शेजारी, हात पोचेल इतक्या अंतरावर, पाणी काळं होऊन गोल फिरत होतं. ओहोटी लागलेली होती. अर्ध्या तासात होडी खडकावर बसली असती.

ऑरिन सुकाणूला धरून नुसता उभा राहिला. वेल्मा खाली गेली, रेडिओचा माईक वायर ताणून वर घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसली.

"तू विचार," तो म्हणाला.

"मी नाही. मग म्हणशील, मी कुठं विचारलं, हिनं विचारलं."

तो तिच्याकडे पाहत राहिला. शेवटी त्यानं माईक घेतला आणि हळू, एकेक शब्द सुटा करत बोलला. "मिंक कोव्हच्या होड्यांवर कुणी ऐकतंय का? मी 'थिसल'वरून ऑरिन थॅक्स्टर. मी कुठं आहे ते मला कळत नाहीये."

बराच वेळ खरखर. मग एका बाईचा आवाज आला. "थॅक्स्टर? वारले ना ते?"

"अजून नाही."

"मी ट्रूडी स्टॅनवुड. शेजारी काय दिसतंय?"

"तुझ्या बाबांचे बोये."

"माझे ते. बाबांना जाऊन चार हिवाळे झाले. रंग त्यांचाच ठेवला, जागा नाही. उन्हाळ्यात शेवंडं कात टाकायला उथळात येतात, म्हणून मी कोंबडीच्या आत टाकते. बाबा ऐकायचेच नाहीत. तुम्ही बरोबर कोंबडीवर आलात बघा. हलू नका, आले."

वेल्मानं मोजलं. चार नाताळ तिनं एका मेलेल्या माणसाला कार्डं पाठवली होती, आणि दरवेळी खाली लिहिलं होतं, लवकरच भेटू.

ट्रूडी दहा मिनिटांत आली. आधी इंजिन ऐकू आलं, मग धुक्यातून तिची लहानशी होडी. गेल्या वेळी पाहिलं तेव्हा एमरीच्या या लेकीचे केस काळेभोर होते. आता केस पिकायला लागलेले, आणि एमरीसारखीच नाकात बोलायची लकब आलेली. तिनं दोर टाकला. कुणाचीही थट्टा न करता तिनं त्यांना मागे ओढून खोल पाण्यात घेतलं आणि आपल्या पाठीमागून यायला सांगितलं. तिनं थट्टा केली असती तर बरं झालं असतं, असं ऑरिनच्या तोंडाकडे बघून वेल्माला वाटलं. थट्टा करायची ती बरोबरीच्यांची, सांभाळून घ्यायचं ते म्हाताऱ्यांना.

वाटेत ट्रूडी म्हणाली की कार्डं मिळाली होती, सगळी फ्रिजवर लावली आहेत. उत्तर पाठवायचं तर पत्ता दर वेळी नवीन.

बंदरात शिरल्यावर तिनं एमरीची होडी बांधायची जागा दाखवली. रिकामीच आहे, तिथं बांधा, ती म्हणाली. पण बंदरावरच्या माणसाला कळवावं लागतं. "किती दिवस लागेल जागा?"

ऑरिननं तोंड उघडलं. वेल्मानं आठव्या वेळेची तयारी केली.

"तिला विचार," तो म्हणाला.

या घटकेसाठी वेल्माकडे नऊ वर्षांचं भाषण तयार होतं. तिनं ते बाजूला ठेवलं.

"हिवाळ्यात इथं बर्फ धरतं का गं अजून?" तिनं विचारलं.

"धरतं की. त्याआधीच सगळ्या होड्या काठावर ओढून ठेवतो आम्ही."

"मग आमचीही ठेव ओढून."

ट्रूडीनं मान डोलावली आणि ती पिंजऱ्यांकडे परत गेली. ऑरिन पुढं जाऊन शीड गुंडाळायला बसला. त्या कामाला त्याला एरवी दहा मिनिटं लागत. आज अर्धा तास झाला तरी तो घड्या घालून पुन्हा मोडत होता. वेल्मानं त्याला हाक मारली नाही. ती त्याच्याकडे पाठ करून बसून राहिली, आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली.