चौकडीचा खिसा

"एकच शर्ट कापायचा," लक्ष्मणरावांनी चौकडीचं कापड टेबलावर टाकलं. "बराबर झाला तर उद्यापासून टेबल तुझं. नाही झाला तर मी देईन ते काम करायचं. हौ म्हण."

"हौ, सेठ," संभाजी म्हणाला.

अंबरपेठेतल्या या दुकानात त्यानं एकवीस वर्षं कटिंग केलं होतं. दीड वर्षापूर्वी सायकलवरून घरी जाताना एका गाडीनं त्याला मागून उडवलं. तेव्हा या तेलुगू राज्यात दारूबंदी होती. गाडीवाला शेजारच्या राज्यात, बीदरला जाऊन पिऊन आला होता. गाडी इतकी नवी, की सीटवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं.

फुटलेलं डोकं जुळलं, केस उगवले, बोलणं परत आलं. डावी बाजू मात्र परत आली नाही. डोळे शाबूत होते, हातही चालत होता. पण डावीकडं काही असतं हेच डोकं विसरलं होतं. दाढी अर्धीच व्हायची. ताटातला डावीकडचा ठेचा तसाच ठेवून तो बायकोला, भागूबाईला, विचारायचा, "आज ठेचा नाय केला?" ती ताट फिरवून द्यायची.

सुरुवातीला लोक भेटायला यायचे. जो डावीकडं बसेल त्याच्याकडं हा बघायचाच नाही. कुणाला वाटलं डोकं फिरलं, कुणाला वाटलं माज आला. हळूहळू येणारे थांबले. भागूबाईनं दिलसुखनगरच्या कोचिंगवाल्या पोरांच्या हॉस्टेलात स्वयंपाकाचं काम धरलं. ती सकाळी जायची ती दिवे लागल्यावर यायची. तोवर घरात संभाजी आणि जुनी वर्तमानपत्रं. चार महिने तो कागदाचे शर्ट कापत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डाव्या कडेला लाल रिबन लाव आणि ती दिसेपर्यंत मान वळव.

तशी रिबन त्यानं आज टेबलालाही चिकटवली.

कापड दुमडून त्यानं चौकड्या जुळवल्या, खडूनं रेघा मारल्या. मान वळवली, रिबन दिसली. कात्री चालवली. पुन्हा मान वळवली. समोरचे दोन्ही पल्ले निघाले. खिशासाठी पल्ल्याशी नेमका जुळणारा तुकडा त्यानं आधीच काढून बाजूला ठेवला. शर्टावर खिसा आहे हे दुरून कळू नये, रेघेला रेघ मिळावी, ही त्याची ख्याती होती.

मग पाठ, मग बाह्या. कात्रीचा तो कर्रकर्र आवाज दीड वर्षानं कानावर पडत होता. हात आपोआप पुढं पळू लागले. अंगात गाणं आल्यासारखं झालं, आणि रिबन बघायची आठवण राहिली नाही.

कॉलर, कफ झाले. त्यानं उरलेल्या चिंध्या चाळल्या, पुन्हा चाळल्या.

"सेठ, कापड कमी दिलं गिऱ्हाईकानं," तो ठामपणे म्हणाला. "खिसा बसत नाय. नापून घ्यायला पायजे होतं तुमी."

दुकानातल्या दोन्ही मशिनी थांबल्या. लक्ष्मणराव टेबलाला वळसा घालून आले. त्यांनी डाव्या कडेचा चौकडीचा तुकडा उचलला आणि संभाजीच्या उजव्या हाताशी आणून ठेवला.

संभाजी त्या तुकड्याकडं बघत राहिला.

"सेठ, तो मीच तिकडं सारला," रवी घाईनं म्हणाला. रवी आताचा कटर; त्याच्या हातात पहिल्यांदा कात्री दिली होती ती संभाजीनंच. "माझा धक्का लागला. काकांना काय माहीत?"

लक्ष्मणरावांनी संभाजीकडं बघितलं. आता तो नुसता गप्प बसला असता तरी टेबल मिळण्यासारखं होतं.

"नाय," संभाजी म्हणाला. "रवी इकडं आलाच नाय. मीच ठेवला, मीच इसरलो."

लक्ष्मणरावांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. "रेडीमेडवाल्यांनी आधीच गिऱ्हाईक पळवलं, संभा. एक शर्ट बिघडला तर मानूस परत येत नाही. काज-बटनाला बस. नाराज नको होऊ."

"नाय होत."

तरी टेबल सोडण्याआधी त्यानं त्या तुकड्यातून खिसा कापला. रेघेला रेघ मिळाली. सगळे तुकडे एकावर एक रचून, सुतळीनं बांधून त्यानं गठ्ठा शिलाईवाल्याकडं दिला.

रवीनं खाली चटई अंथरली, डाव्या अंगाला भिंत येईल अशी. तिकडं विसरण्यासारखं काही उरू नये, हे त्यानं मनाशी धरलं असावं. संभाजी बसला. त्याची मांडी आता रवीच्या चपलांपाशी होती.

तेवढ्यात दारातून गिऱ्हाईकाची हाक आली, "मास्टर, जरा नाप लेओ."

संभाजी अर्धवट उठला. टेपसाठी हात गळ्याकडं गेला, तिथं काही नव्हतं. टेप रवीच्या गळ्यात होती, आणि रवी जागचा हलत नव्हता.

"जा," संभाजी हळू म्हणाला. "गिऱ्हाईक उभं आहे."

रवी गेला. संभाजीनं सुई उजेडाकडं धरली आणि दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा त्यानं टोक दातानं नीट तोडून घेतलं आणि पुन्हा सुई उजेडाकडं धरली.