मला सुरू व्हायला वेळ लागतो

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कधीकाळी पांढरा होतो, आता दुधात हळद पडावी तसा दिसतो. भिलाईला, रिसालीत केवलरामच्या घरी आलो तो दिवस मला चांगला आठवतो. केवलराम पोलाद कारखान्यात, रोलिंग मिलला होता. एका ऑफिसाने मोडीत काढलेल्या मला त्याने मुलीसाठी आणलं. शेजारच्या बाया मला बघायला आल्या, तेव्हा मी जरा फुगलोच.

ही मुलगी म्हणजे वसुंधरा. ती कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होती. उन्हाळाभर माझ्यासमोर बसून तिने वाचनालयासाठी एक प्रोग्राम लिहिला, तोच तिचा परीक्षेचा प्रोजेक्ट. तो वेळेवर दिला नाही तर वर्ष बुडणार होतं. आणि गोंदियाकडची एक सोयरीक दाराशी येऊन थांबली होती. वर्ष बुडालं असतं तर पुन्हा तिला कोणी शिकू दिलं नसतं. तिची सगळी मेहनत माझ्या एकट्याच्या पोटात होती.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी भिलाईत यंत्रांना अंघोळ घालून हार घालतात, प्रसाद वाटतात. मिलमधली पूजा आटोपून केवलराम घरी आला आणि मलाही त्याने हळदकुंकू लावलं. मग नैवेद्य! माझ्या पुढच्या बाजूला फ्लॉपी घालायची आडवी फट आहे. बिचाऱ्याला ते माझं तोंड वाटलं. थोड्या अक्षता आणि बताशाचा तुकडा त्याने अगदी मायेने आत सरकवला. घरात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं.

मला राग आला नाही. आजवर मला कोणी जेवू घातलं नव्हतं. पण दमट हवेत बताशा पाघळला, अक्षता घट्ट चिकटल्या आणि माझे हाल सुरू झाले.

मला शिकवण अशी, की बटण दाबलं की आधी त्या फटीत फ्लॉपी आहे का ते चाचपायचं आणि मगच आतलं साठवलेलं उघडायचं. मी चाचपायला जाई आणि तिथेच अडके. कर्र, कर्र, पुन्हा कर्र. वसुंधरा हनुवटीला हात लावून बसे.

"हा कावून इतका टाइम लावून राहिला?" ती वैतागून म्हणे.

तिने माझ्यातले खेळ काढून टाकले, पंख्यावरची काळी धूळ पुसली, आतली डिस्क तपासली. काही उपयोग झाला नाही. मी कर्र करून सांगत होतो, पण तिला ते म्हातारपणाचं कण्हणं वाटे.

प्रोजेक्ट द्यायच्या आदल्या दुपारी ती कोरी फ्लॉपी आणायला बाजारात गेली. तेवढ्यात केवलरामने शेजारच्या पंजाबरावांना बोलावलं. ते एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवत.

"केवलरामभाऊ, याच्यात लय कचरा भरला. फॉर्मॅट मारून देतो."

"पोरीचं काम हाये त्याच्यात. काही बिघडणार तर नाही ना?"

"काही नाही बिघडत. साफ होते फक्त."

साफ! मित्रांनो, फॉर्मॅट म्हणजे मला आठवतं ते सगळं पुसून टाकणं. पंजाबरावांना वाटलं, पोरीने कॉपी काढून ठेवलीच असेल. केवलरामला वाटलं, धूळ पुसतात तसं काहीतरी असेल. दोघेही भले, आणि मी मुका. मी फार घाबरलो.

पंजाबरावांनी त्यांची फ्लॉपी माझ्यात सारली. ती अर्ध्यात अडली. त्यांनी ती काढली, फुंकर मारली आणि अंगठ्याने जोरात दाबली. आतला एक दाणा चुरायला लागला. अजून एक रेटा, की संपलं.

"काका, रुको! क्या कर रहे हो?" वसुंधरा दारातूनच ओरडली.

"फॉर्मॅट मारतो, बेटा. प्रोजेक्टची कॉपी आहे ना तुझ्याजवळ?"

"कुठची कॉपी? सगळं याच्यातच आहे!"

पंजाबरावांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. केवलरामच्या तोंडचं पाणी पळालं. वसुंधराने अर्ध्यात अडलेली फ्लॉपी काढून फटीत टॉर्च मारला आणि चिमट्याने एकेक पिवळा दाणा बाहेर काढला.

"म्याच देल्ला होता," केवलराम खाली मान घालून म्हणाला. "नैवेद्य. मले ते याचं तोंड वाटलं."

ती चिडली होती, मला दिसत होतं. पण तिने हातातल्या दाण्याकडे पाहिलं आणि तिला रडूच फुटलं.

"बाबा, हा दाणा नसता तर आता सगळं पुसलं गेलं असतं."

मग तिने स्पिरिट लावून ती फट साफ केली. कोरी फ्लॉपी आत गेली आणि मी होतं नव्हतं ते सगळं तिच्या हवाली केलं. वसुंधराचं वर्ष वाचलं आणि गोंदियाच्या पाहुण्यांना केवलरामने स्वतःच थांबायला सांगितलं.

आता मी माळ्यावर असतो. मित्रांनो, तुमच्या घरचं एखादं जुनं यंत्र हळू झालं, तर ते कुठे अडतंय ते आधी ऐका. त्याला म्हातारं म्हणून पुसून टाकायची घाई करू नका. त्या मुक्या पोटात कुणाचं काय जपलेलं असेल, ते फक्त त्यालाच ठाऊक असतं.