अर्धी गोळी

"आ कर. अजून मोठा. हां, आता हलू नको."

दिपालीच्या जिभेवरून मी कापसाची काडी फिरवली तसं तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सात वर्षांची पोर आणि तोंडात सायीसारखा पांढरा थर, पुसला की खालून रक्त. एचआयव्ही असलेल्या मुलांच्या तोंडात ही बुरशी थोडीफार असतेच. औषध लागू पडलं की दबून राहते, अंगातली ताकद सरली की माजते. हिची चौथ्यांदा माजली होती. सोलापुरातल्या एचआयव्हीच्या या उपचार केंद्रात पंधरा वर्षं मी नर्स आहे, मला ते तोंड बघूनच कळलं.

"राजाबाई, गोळ्या चुकवता तुम्ही," मी तिच्या आजीला म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे.

"न्हाय ओ बाई. सकाळ-संध्याकाळ देती. डबी बघा की."

डबी बघितली. दर महिन्यासारखी बरोबर. डॉक्टरांचंही डोकं चालत नव्हतं.

शाळेला सुट्टी म्हणून राजाबाईंनी या खेपेला लेकाच्या पोरीला, पूनमलाही आणलं होतं. दिपाली लेकीची. लेक-जावई याच दुखण्यानं गेले, तेव्हापासून ती मंगळवेढ्याकडं मामाच्या घरी. पूनमनं न सांगताच माझ्यापुढं तोंड उघडलं. लख्ख होतं.

"तुला नाही गं लागत हे."

"मीबी गोळी खाती की," ती म्हणाली. "अर्धी मला, अर्धी दिपीला."

मी दोघींना बाहेर बसवलं आणि दार लावलं.

"तुमीच म्हनला न्हवं, ताकदीची गोळी हाय म्हून?" राजाबाई पुटपुटल्या.

म्हटलं होतं. मुलांसमोर रोगाचं नाव घ्यायचं नाही, अशी आमची पद्धत. "पण तुम्हाला नाव सांगितलं होतं की नाही? असंच दार लावून?"

"सांगितलं. पर सुनंला कसं सांगू? तिच्या चुलीवरचं खातुया आमी. लेकीच्या पोरीला ताकदीची गोळी आन तिच्या पोरीला न्हाय, आसा पंक्तिप्रपंच केला आसता, तर तिनं इचारलंच आसतं. कळलं आसतं, तर दिपीला त्याच दिशी भाईर काढली आसती."

मी त्यांना नाही नाही ते बोलले. दोन वर्षं अर्धं औषध! रोग दबला नाही, उलट शहाणा झाला. आता हे औषध त्याला भीक घालत नाही. त्या पदर तोंडाला लावून ऐकत राहिल्या. खरं तर माझा राग माझ्यावरच होता. घरात दुसरं मूल आहे का, हे दोन वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी औषध बदललं. राजाबाईंनी घरी जाऊन सुनेला सगळं सांगितलं आणि त्याच दिवशी दिपालीला घेऊन रानातल्या मेंढरांच्या वाड्यावर राहायला गेल्या. हे त्यांनी मला पुढच्या महिन्यात सांगितलं. पोरीला तेव्हा पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. गोळी पाण्यात विरघळवून चमच्यानं पाजत होत्या. अख्खी.

त्याच्या पुढच्या महिन्यात त्या एकट्याच आल्या.

मी खुर्ची दिली, त्या खालीच बसल्या. "मंगळवारी गेली," म्हणाल्या. "धाप लागली हुती. मंगळवेढ्याच्या दवाखान्यात नेली, पर..."

मीही त्यांच्यापुढं खाली बसले.

"बाई, एक इचारायचं हुतं. त्यासाठीच आले." त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. "अर्धी दिली म्हून गेली का वो?"

"नाही हो. न्यूमोनियानं गेली," मी म्हटलं. "तो कुणालाही होतो. तुमचा काही दोष नाही."

त्या बराच वेळ माझं तोंड न्याहाळत राहिल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"तुमास्नी खोटं बोलता येत न्हाय, बाई," त्या म्हणाल्या, आणि पदर सारखा करून एसटी स्टँडकडं निघाल्या.