घरमालकाचं गाणं

रविवारी सकाळी ज्ञानदेव गात होते आणि स्वयंपाकघरात मथुराबाई कणीक तिंबत होत्या. पूर्वा दाराशी चहाचा कप घेऊन उभी होती. अंतऱ्यातला वरचा सूर जवळ आला तसा मथुराबाईंचा हात परातीत थांबला. सूर आला, क्षणभर टिकला आणि फाटला. मग हात पुन्हा चालू झाला.

पूर्वानं आईकडे पाहिलं. आईनं मान वर केली नाही.

ज्ञानदेव पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. दोन हजार एकच्या दिवाळीआधी कंपनीनं स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. 'स्वेच्छा' हा शब्द ज्यानं लिहिला त्याला एकदा भेटायचंय, असं ते तेव्हा म्हणाले होते. सही करून घरी आले, डबा ओट्यावर ठेवला आणि त्यानंतर वारज्याच्या त्या फ्लॅटमधून हळूहळू खाली उतरेनासे झाले. आधी भाजी आणायला जात, मग तेही सुटलं. रोज सकाळचं गाणं तेवढं राहिलं. गॅलरीत बसून सोसायटीच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहायचे आणि ती भरून वाहिली की वरूनच वॉचमनवर ओरडायचे.

गेल्या आठवड्यात त्यांनीच पेपरातली जाहिरात पूर्वाला दाखवली. शनिवार पेठेतली एक संस्था नवं संगीत नाटक बसवत होती. गाणारे नट हवे होते, पन्नाशीच्या पुढचा एक पुरुषही हवा होता. पुढच्या शनिवारी चाचणी. एक गाणं, आपल्या पसंतीचं.

"जाऊन बघावं म्हणतो," ते म्हणाले होते आणि त्याच दिवशी खाली उतरून दाढीचं ब्लेड घेऊन आले होते. मथुराबाई जिन्याच्या कठड्यावरून ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिल्या होत्या.

गाणं कुठलं, हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. कामगार नाट्यस्पर्धेत कारखान्याच्या नाटकात त्यांनी राजा केला होता. युद्धावर निघालेल्या राजाचं ते पद पांढरी तीनच्या उंच पट्टीत गाऊन त्यांनी गायनाचं पहिलं बक्षीस घेतलं होतं. बक्षिसाची ढाल अजून टीव्हीवर ठेवलेली होती. तेव्हा ते तिशीत होते. आता बावन्न.

पूर्वानं संस्थेत फोन करून भूमिकेची चौकशी केली. ती सेनापती बापट रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्यांना गोड शब्दांत कळवायच्या, हे तिचं काम. फोनवर कळलं, नाटकात राजाबिजा कुणी नव्हता. भूमिका होती हौसिंग सोसायटीच्या खडूस चेअरमनची.

तिनं दोन दिवस काढले. बाबांना आवाजाबद्दल सांगितलं तर ते जाणारच नाहीत आणि पुन्हा गॅलरीत बसतील. नाही सांगितलं तर पंधरा अनोळखी माणसांसमोर तो सूर फाटेल आणि मग गॅलरीतसुद्धा बसणार नाहीत. शेवटी मंगळवारी तिनं टेपरेकॉर्डर काढला, कोरी कॅसेट घातली आणि म्हणाली, "बाबा, रेकॉर्ड करू या. तुम्हालाच अंदाज येईल."

ते खुशीत गायले. मग तिनं कॅसेट मागे घेऊन लावली. तिघंही ऐकत बसले. वरचा सूर आला तेव्हा मथुराबाई उठून गॅसपाशी गेल्या, गॅसवर काही नसताना.

"टेप खराब आहे तुझा," ज्ञानदेव म्हणाले.

"बाबा, टेप नवा आहे."

"मग कॅसेट."

"बाबा, आपण पट्टी खाली घेऊ या. पांढरी एक घेतली तर—"

"ते पद पांढरी एकमध्ये गायलं तर राजा युद्धावर नाही, दवाखान्यात चाललाय असं वाटेल."

पूर्वानं धीर केला. "मग दुसरं गाणं घ्या. भूमिका राजाची नाहीच आहे. चेअरमनची आहे, खडूस, विनोदी. तुम्ही ते घरमालकाचं गाणं का नाही म्हणत? मी लहान होते तेव्हा केलं होतंत ते नाटक. लोक किती हसले होते."

हे शब्द तोंडातून गेले आणि तिला वाटलं, नको होते जायला.

त्या नाटकात घरमालकाचं काम करणारा नट ऐन वेळी आजारी पडला होता आणि ज्ञानदेवांना ते करावं लागलं होतं. गाणं कसलं, चालीवर केलेली कुरकुरच ती. सभागृह हसून लोटपोट झालं होतं. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर लोकांनी 'या घरमालक' म्हणून हाक मारली आणि ज्ञानदेवांनी पुन्हा ते नाटक केलं नाही.

"लोक हसले," ते शांतपणे म्हणाले. "बरोबर. लोक मला हसले. पाच वर्षं गाणं शिकायला गुरुजींकडे सायकल मारत गेलो ते लोकांनी हसावं म्हणून." ते उठले. "तुला ऑफिसात चुका शोधायचा पगार मिळतो ना? मग घरी फुकट कशाला शोधतेस?"

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. गाणंही थांबलं. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. घर इतकं गप्प झालं की खालच्या मजल्यावरची मालिका शब्दन् शब्द ऐकू यायची. जाणार की नाही, हे विचारायची सोय नव्हती. शुक्रवारी रात्री मथुराबाईंनी न बोलता त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकला.

शनिवारी सकाळी शर्ट खुर्चीवर नव्हता आणि ज्ञानदेव घरात नव्हते.

पूर्वानं स्कूटी काढली. कर्वे रस्त्यावर उड्डाणपुलाच्या कामाचे पत्रे लावले होते, वाहतूक मुंगीच्या पावलानं चालली होती. तिच्या मनात एकच होतं, की ते राजाचंच पद गातील आणि आपण पोचायच्या आत गातील. पोचून काय करणार, हे तिला माहीत नव्हतं.

संस्थेचा हॉल एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. बाहेरच्या व्हरांड्यात बाकं टाकलेली. ज्ञानदेव कोपऱ्यात ताठ बसले होते. शेजारी कॉलेजची पोरं, एक दोन बँकेतले लोक. आत कुणीतरी तरुण मोठ्या दणदणीत आवाजात गात होता आणि त्याचा वरचा सूर एखाद्या तारेसारखा सरळ जात होता. ज्ञानदेव डोळे मिटून ऐकत होते. पूर्वा दिसली तरी त्यांनी ओळख दाखवली नाही.

तो मुलगा घाम पुसत बाहेर आला. आतून नाव पुकारलं गेलं. ज्ञानदेव उठले, शर्ट नीट केला आणि आत गेले. दार पूर्ण लागलं नाही. पूर्वा फटीपाशी जाऊन उभी राहिली.

टेबलामागे तिघं होते. मधला राकेश, नाटकाचा दिग्दर्शक, जेमतेम तिशीचा. बाजूला पेटीवाले साथीदार, वयस्कर, नाकावर चष्मा.

"पट्टी?" पेटीवाल्यांनी विचारलं.

ज्ञानदेव क्षणभर थांबले.

"पांढरी तीन."

मुखडा चांगला लागला, खरंच चांगला. राकेशनं समोरचा कागद बाजूला केला. पूर्वाला वाटलं, कदाचित. कदाचित आज लागेल. अंतरा सुरू झाला. एक पायरी, दुसरी पायरी. पेटी त्यांना हळूच हात देत होती. मग तो सूर आला आणि फाटला, घरी फाटायचा त्याहून वाईट. त्यांनी तो पुन्हा घ्यायचा प्रयत्न केला. या वेळी आवाजच उमटला नाही, नुसती हवा.

पेटी थांबली.

"थँक्यू काका," राकेश म्हणाला. आवाजात दया होती, ती पूर्वाला सहन झाली नाही. "कळवतो आम्ही."

ज्ञानदेव हलले नाहीत.

"काका, बाहेर मंडळी थांबलीत."

"माहीत आहे. मीही त्यांच्यात बसलो होतो," ज्ञानदेव म्हणाले. त्यांचा कान लाल झालेला पूर्वाला दिसत होता. "गाणं चुकीचं निवडलं मी. दुसरं एक आहे. म्हणू का?"

"एकच गाणं असा नियम आहे हो."

"हे पूर्ण कुठे झालं? अर्धंच झालं. उरलेलं अर्धं दुसऱ्याचं घ्या."

पेटीवाले हसले. राकेशनं घड्याळ पाहिलं. "एक कडवं. पटकन."

"पट्टी?"

"पांढरी एक," ज्ञानदेव म्हणाले. हे शब्द त्यांना जड गेले, ते तिला बाहेर कळलं.

त्यांनी हात पाठीमागे बांधले, हनुवटी जरा वर केली आणि समोरच्या तिघांकडे असं पाहिलं जणू त्यांनी भाडं थकवलंय.

"दिवा मंद ठेवा, नळ बंद ठेवा, श्वाससुद्धा जपून जपून घ्यावा..."

टेबलाच्या कडेला बसलेली बाई खुदकन हसली. मग राकेशही मोठ्यानं हसला. पेटीवाल्यांचा हात हलला आणि एक सूर भलतीकडेच लागला. व्हरांड्यातली पोरं दाराशी गोळा झाली, तीही हसायला लागली.

ज्ञानदेव थांबले.

पूर्वाला वाटलं, गेटवरची ती हाक त्यांना आत्ता ऐकू येत असणार. आता ते वळतील, बाहेर येतील, जिना उतरतील, आणि हे गाणं आपणच सुचवलं होतं. तिनं दाराला हात लावला.

ते वळले नाहीत. हसू ओसरू लागलं तसं त्यांनी सावकाश मान फिरवली, हसणाऱ्या बाईवर नजर रोखली, आणखी थोडं थांबले, आणि खालच्या जाड आवाजात पुढची ओळ म्हणाले:

"हसायचं असेल, तर हसण्याचं भाडं वेगळं द्यावं."

ही ओळ मूळ गाण्यात नव्हती. पूर्वाला ते गाणं पाठ होतं. हॉल पुन्हा हशानं भरला. या वेळी ज्ञानदेवांनी ते हसू संपायची वाट पाहिली, नेमकी, ताल न सोडता, आणि कडवं पुरं केलं. मग आणखी एक. त्यांना कुणी थांबवलं नाही.

"काका, कुठे होतात इतके दिवस?" राकेशनं डोळे पुसत विचारलं.

"गॅलरीत," ज्ञानदेव म्हणाले.

"सोमवारी संध्याकाळी तालमीला या. आणि ते पहिलं पद..."

"ते आता कुठेच म्हणणार नाही."

बाहेर आल्यावर ते थेट स्कूटीपाशी जाऊन उभे राहिले. पूर्वा बोलायला लागली तसा त्यांनी हात वर केला. मागे बसले. नदीच्या पुलावर गर्दीत अडकल्यावर पाठीमागून आवाज आला.

"तू खरं सांगितलंस. पण सांगायची पद्धत भिकार. टेपवर ऐकवतात का माणसाला?"

"चुकलं, बाबा."

गर्दी सुटली, पूल मागे पडला. मग, "पहिलं गाणं ऐकलंस?"

"ऐकलं."

"आईला सांगू नकोस. आवाज गेलाय म्हणून."

पूर्वानं खोटं बोलायचा विचार केला. पण आता नको वाटलं. "तिला माहीत आहे, बाबा. वर्ष झालं."

वारज्याला स्कूटी थांबताच ते उतरले आणि तिच्या पुढे जिना चढू लागले.

मथुराबाईंनी दार उघडलं. त्यांचे हात ओले होते आणि त्या ते पुसायचं विसरल्या होत्या. "काय झालं?"

"सोमवारपासून तालीम," ज्ञानदेव म्हणाले. चपला काढल्या. मग उंबऱ्यातच उभे राहून त्यांनी विचारलं, "वरचा सूर लागत नाही, हे मला का नाही सांगितलंस?"

मथुराबाईंनी पूर्वाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"सांगितलं असतं तर गाणं थांबवलं असतंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "दिवसभरात तेवढा वेळच तर वाटायचं अहो, तुम्ही घरात आहात."

ते आत गेले, खुर्चीत बसले, पुन्हा उठले. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाले, "वाढतेस ना? पोटात काही नाही सकाळपासून."

"ताटं घ्या तोवर," मथुराबाई म्हणाल्या.

ज्ञानदेवांनी मांडणीवरून तीन ताटं काढली आणि कुणी न सांगता पाण्याचा तांब्या भरायला घेतला.