विश्वंभरकाकांच्या अंगठ्यावरचा जंतू

मी एक जुना जंतू आहे, मित्रांनो. नाक मुरडू नका! डोळ्यांना दिसत नसलो म्हणून काय झालं, बडोद्यात माझा चांगलाच दरारा आहे.

आमचं खानदान वाढलं विश्वंभरकाकांच्या पायाच्या अंगठ्यावर. काका प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपातले निवृत्त फिटर. आधीच मधुमेह, त्यात जखम. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि माझे भाऊबंद पटापट मरू लागले. तेवढ्यात जखम सुकलेली दिसली. काकांनी उरलेल्या गोळ्या शेजारच्या जयवंतरावांना देऊन टाकल्या, त्यांची दाढ दुखत होती म्हणून. केवढा तो शेजारधर्म! आम्ही चिवट तेवढे उरलो. औषध आत आलं की उपसून बाहेर फेकायचं, ही विद्या पोराबाळांना दिली. जखम पुन्हा चिघळली तेव्हा त्याच गोळ्यांनी आमचं काहीएक वाकडं झालं नाही.

काकांची मुलगी शर्वरी कॉलेजच्या प्रयोगशाळेत संशोधन करते. बापाच्या जखमेतला पू तिने तिथे नेला आणि मला काचेच्या बशीत वाढवलं. कडुलिंबाचा अर्क घातला, तुळशीचा घातला. मी मजेत! मग कसल्याशा सालीचा अर्क आला. त्यानेही मी मरेना, तेव्हा पोरीने त्यात तीच जुनी गोळी मिसळली. अरे देवा! अर्काने माझा उपसाच बंद पाडला. औषध आत साचलं आणि बशीतले माझे सगेसोयरे डोळ्यांदेखत संपले.

शर्वरीने तिथूनच काकांना फोन लावला.

"बाबा, जंतू मेले! अर्कात मिसळून तीच गोळी चालली!"

"मग लाव ने मला ती बाटली आणून! उद्या अंगठा कापणारेत माझा."

ती म्हणाली, "नाही बाबा. हे बशीत चाललं. माणसाच्या अंगात काय करेल, अजून कोणालाच ठाऊक नाही. कापू दे त्यांना."

"पोटची पोर असून असं बोलतेस?"

"पोटची आहे म्हणूनच."

अंगठा गेला. पाय वाचला. शर्वरी प्रयोगशाळेत येऊन हमसून हमसून रडली, मग हात धुऊन पुन्हा कामाला बसली. बशीच्या काठाशी मी थोडा उरलोय, हे तिने पाहिलंय. खरं सांगतो, मला त्या पोरीची धास्ती वाटते.

पण शरण येईन तर शपथ! मित्रांनो, तुम्हालाही बजावून ठेवतो. मला मारायचंच असेल तर पुरतं मारा. अर्धवट मार खाऊन जो उठतो ना, तोच मी.