पलीकडची चौदा माणसं

"नऊशे अठ्ठ्याऐंशी," मास्तरीणबाईंनी शिरगणतीचा आकडा सांगितला आणि गावच्या कचेरीत एकच कालवा उठला.

"शक्यच नाही!" अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. "माझ्या एकट्या आळीत तीनशे माणूस आहे."

"होतं," बाई म्हणाल्या. "आता एकशे सत्तर उरलंय. एकवीस घरांना कुलपं आहेत. मी तीन-तीनदा जाऊन आले."

"कुलूप लावलं म्हणजे माणूस मेलं का? पोटामागं गेलंय, येईल परत. लिहून टाका."

"सहा महिने इथं राहिलेलंच माणूस लिहायचं असतं."

मग काय, जो तो आपली पोरं पुढं करायला लागला. न्हावी म्हणाला, माझे दोन मुलगे लिहा, दोन सुना लिहा. लोहार म्हणाला, जावई निम्मं वर्ष इथंच असतो. बाई मान हलवून नाही म्हणत होत्या आणि दर नकाराला आवाज चढत होता. कारणही तसंच होतं. वरून पत्र आलं होतं, हजाराच्या खाली माणूस गेलं तर दवाखाना डोंगरापल्याडच्या मोठ्या गावात हलवणार. आमचं गाव म्हणजे डोंगर आणि नदी यांच्यात दाबून बसवलेली एक चिंचोळी पट्टी. वरची आळी खडकावर, खालची गाळावर. घाट चढून पलीकडं जायला धडधाकट माणसाला तीन तास लागतात. पावसात दरड आली की तेही नाही. आजाऱ्यानं करायचं काय?

मी दाराशी उभा होतो. नदीवर होडी चालवतो मी, कचेरीत माझं काय काम? पण तोंडून निघून गेलं, "पलीकडं चौदा माणसं आहेत."

कालवा एकदम थांबला. अध्यक्षांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी एक पाऊल मागं सरकलो.

पलीकडची माणसं आमचीच. अकरा वर्षांमागं मोठा पूर आला आणि नदीनं कूस बदलली. आधी ती शेळ्यावाल्या म्हातारीच्या घरामागून वाहायची. पूर ओसरला तर घराच्या अलीकडून वाहायला लागली. म्हातारी, तिचे दोन मुलगे, दीर, त्यांची पोरंबाळं, सगळं पाण्यापलीकडं राहिलं. तेव्हापासून गाव त्यांना पलीकडचे म्हणतं. पुढच्या गावचे म्हणावं तर ते दोन कोसांवर, मधे नुसती दलदल. तेही त्यांना आपलं म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरीणबाई वही आणि नकाशाची गुंडाळी घेऊन काठावर आल्या. "काका, न्याल ना?"

नेलं. हात वल्ह्यावर होते, पण मन थाऱ्यावर नव्हतं. नऊ वर्षांत मी त्या काठाला पाय लावला नव्हता.

म्हातारी अंगणात शेळीचे खूर तासत बसली होती. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"आता आठवलो होय आम्ही?" ती म्हणाली. "माझी सून दोन दिवस अडली होती. थोरल्यानं या काठावरून हाका मारल्या. तुमची नर्सबाई पिशवी घेऊन होडीत बसली होती, भर दुपारी, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तुमच्या अध्यक्षानं तिला उतरवली. पलीकडं आपली हद्द नाही, काही झालं तर दवाखान्यावर येईल, म्हणाला. संध्याकाळी सून गेली. पोर तेवढी जगली. आणि आता आम्हाला मोजायला आलीस?"

बाईंना हे ठाऊक नव्हतं. त्या नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पाण्याकडं पाहिलं.

मग बाईंनी नकाशा उघडून जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि बोट फिरवायला लागल्या. बोट एका ठिकाणी थांबलं. त्या उठल्या, घरामागं गेल्या, नदीच्या कोरड्या जुन्या पात्रात उतरून उभ्या राहिल्या, पुन्हा नकाशा पाहिला. परत आल्या तेव्हा चेहरा उतरला होता.

"आजी, हद्द या नव्या नदीवर नाहीच. ती जुन्या पात्रावर आहे. तुमच्या घरामागं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही गावातच आहात."

म्हातारीच्या हातातली सुरी थांबली. "तेव्हाही?"

"तेव्हाही."

शेळी उठून निघून गेली. म्हातारी म्हणाली, "त्याला घेऊन ये. तो इथं उभा राहून हे बोलला तर लिहून घे. नाहीतर मोज आपल्या कुलपांना."

अध्यक्ष यायला तयार नव्हते. आधी म्हणाले नकाशा जुना आहे, मग म्हणाले गुडघा दुखतो. बाईंनी वही मिटली. "मग मी नऊशे अठ्ठ्याऐंशीच पाठवते," म्हणाल्या. दुपारी अध्यक्ष होडीत बसले.

अंगणात उभे राहून ते घसा खाकरत म्हणाले, "मावशी, हद्द तुमच्या घरामागून जाते."

"आणि तेव्हा?"

त्यांनी खाली पाहिलं. "तेव्हाही तिथूनच जात होती. मी कागद बघितलाच नव्हता."

मलाही राहवलं नाही. "नर्सबाई उतरल्या, पण होडीचा दोर मी बांधला," मी म्हणालो. "मला इकडं आणता आलं असतं त्यांना."

"ठाऊक आहे," म्हातारी म्हणाली. "तुझ्या गाठी मारणाऱ्या हातांकडंच बघत होते मी."



तिनं घरातल्या नातीला हाक मारली. दोन वेण्या घातलेली, बारीक अंगाची पोर येऊन आजीला टेकून उभी राहिली. "हिच्यापासून सुरू कर. नऊ वर्षं पुरी."

बाईंनी लिहिलं. मग पुढचा रकाना आला आणि त्या अडखळल्या. "आईचं नाव?"

म्हातारीनं नाव सांगितलं. मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून. पोरीनं झटकन वर पाहिलं. आईचं नाव त्या घरात कुणी उच्चारत नसावं, असं मला त्या नजरेवरून वाटलं. बाईंनी लिहून वाचून दाखवलं. म्हातारीनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग बाकीची तेरा नावं भराभर सांगून टाकली.

एक हजार दोन झाले. दवाखाना गावातच राहिला. अध्यक्षांनी वरच्या आळीत घरोघर हात मिळवले, लोकांनी त्यांना खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं.

आता दर आठवड्याला मी नर्सबाईंना पलीकडं नेतो. त्या पोरांना तपासतात, थोरल्याच्या खोकल्याचं औषध देतात. म्हातारी त्या वेळी शेळ्या घेऊन जुन्या पात्रात निघून जाते. होडी परत फिरेपर्यंत ती तिथून हलत नाही.