पंधरा मीटरवरची पाठ

माझी मुलगी पोलीस अधिकारी आहे आणि मी निवृत्त शस्त्रपरीक्षक. एकतीस वर्षे मी झाडलेल्या गोळ्यांची तपासणी केली. गोळी झाडावी की नाही, हा प्रश्न माझ्या टेबलावर कधी आला नाही. तो आला एका मंगळवारी दुपारी, निवृत्तीनंतर, आमच्या जेवणाच्या टेबलावर.

"बाबा, पिस्तूल खरंच अडकलं होतं की नाही, हे तपासायला किती वेळ लागतो?"

"वीस मिनिटं. सांगणारा समोर बसला असेल तर त्याहून कमी."

ती हसली नाही. तिच्या आईने ताटावरून मान वर केली, म्हणजे प्रकरण गंभीर होते.

चार दिवसांपूर्वी एका माणसाने औषधाच्या दुकानात चाकू काढला, दुकानदाराच्या दंडावर वार केला आणि मागच्या गल्लीत पळाला. मुलगी त्याच्या मागे धावली. पंधरा मीटरवर त्याची पाठ होती, हातात चाकू आणि पुढे गल्लीच्या तोंडाशी दोन बायका. तिने पिस्तूल रोखले, ओरडून इशारा दिला. तो एका खोक्याला अडखळला, चाकू पडला, तो तसाच रिकाम्या हाताने पळत सुटला. तिने पिस्तूल खाली केले. बायकांना त्याने हातही लावला नाही, पण तो निसटला तो निसटलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी तिच्या टेबलावर खेळण्यातले पाण्याचे पिस्तूल ठेवले. उद्या चौकशी समितीपुढे लेखी जबाब द्यायचा होता. समितीला ती कचरली असे वाटले, तर तिची बदली कागदपत्रांच्या विभागात ठरलेली. तिचे साहेब मायेचे. त्यांनी हळूच सुचवले होते की पिस्तूल अडकले असे लिही, विषय मिटेल.

"पायावर मारायची होतीस गं," तिची आई म्हणाली.

"धावत्या पायावर नेम धरणारे लोक सिनेमात असतात," मी म्हणालो. "आणि मांडीत मोठी रक्तवाहिनी असते. पायावर झाडलेली गोळीही जीव घेऊ शकते."

"यांच्याशी लग्न केलं तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं की जेवताना हे ऐकावं लागेल."

"आई, कायदाही तसंच धरतो," मुलगी म्हणाली. "गोळी म्हणजे जिवावरचाच उपाय. माणूस पळतोय एवढ्यानं ती झाडता येत नाही. आत्ता, याच क्षणी, कोणाच्या तरी जिवावर बेतलंय असं मला सकारण वाटलं पाहिजे, आणि दुसरा मार्ग उरलेला नको."

"मग अडचण कुठे आहे?"

मुलीने ताट बाजूला सारले. मला न दिलेल्या उत्तरांचा अनुभव आहे. मी म्हणालो, तो पाठलाग इथेच करून पाहू.

आमच्या बैठकीच्या खोलीपासून स्वयंपाकघराच्या मागच्या दारापर्यंत सरळ अकरा मीटर आहेत. चार मीटरची तूट मी मान्य केली. बायकोच्या हातात लाकडी डाव दिला.

"चोर मीच का?"

"माझे गुडघे चोरी करण्याच्या अवस्थेत नाहीत."

बायको पळाली, वयाच्या मानाने निर्लज्ज वेगाने. फ्रिजपाशी तिने डाव टाकला. मागून धावणारी मुलगी तिथे पोहोचली, थांबली, वाकली, आणि डावाभोवती जमिनीवर बोटाने वर्तुळ काढू लागली.

"अगं, मी निघून गेले की!" मागच्या अंगणातून आवाज आला.

मुलगी तशीच उकिडवी बसली. तिचे कान लाल झाले. मला उलगडायला दोन सेकंद लागले, आणि ते दोन सेकंद सुखाचे नव्हते. आमच्या घरात कप फुटला तरी तुकड्यांची जागा नोंदवल्याशिवाय कोणी केरसुणी उचलत नसे. नियम माझा. ती चार वर्षांची असल्यापासून तो तिच्या हाडीमाशी खिळला होता.

"त्या दिवशीही हेच?" मी विचारले.

"खडूनं वर्तुळ काढलं. रुमाल अंथरला. मान वर केली, तर तो भिंतीवर चढला होता." तिने डाव उचलून ओट्यावर ठेवला. "गोळी झाडली नाही याची लाज नाही वाटत, बाबा. याची वाटते. आणि त्यानं परत कोणाला भोसकलं तर?"

तसे होणार नाही, असे सांगावेसे वाटले. पण त्याला पुरावा नव्हता.

"भोसकूही शकेल. पण तुझा निर्णय त्या क्षणी तुला जे दिसलं त्यावरून मोजायचा, नंतर काय झालं त्यावरून नाही. त्याच्याकडे दुसरा चाकू नव्हता, हे माहीत होतं तुला?"

"नाही. दिसला नाही, एवढंच."

"मग तेवढंच लिही."

"आणि वर्तुळ?"

"तेही."

"बदली करतील."

"करतील कदाचित," मी म्हणालो. बायको दारातून आत येत होती. तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू जबाब मलाच द्यायचा आहे.

मुलीने संध्याकाळपर्यंत लिहिले. पिस्तूल व्यवस्थित होते. नेम लागला असता. चाकू पडल्यावर जिवाला धोका दिसला नाही, म्हणून झाडली नाही. त्यानंतर पाठलाग सोडून चाकूपाशी थांबले, ही चूक माझी. मी तिला दोन विशेषणे खोडायला लावली. एक तिने परत लिहिले.

समितीचे पत्र पंधरा दिवसांनी आले. तोवर तो माणूस सापडलेला नव्हता. पत्रात दोनच परिच्छेद होते. गोळी न झाडणे योग्य आणि कायद्याला धरून. पाठलाग सोडणे हा निष्काळजीपणा, त्याबद्दल लेखी ताकीद. बदली नाही. त्याच माणसाच्या शोधपथकात नेमणूक.

तिने पत्र माझ्यापुढे धरले. "दुसऱ्या परिच्छेदाचं काय म्हणणं आहे तुमचं?"

"अचूक आहे."

"आणि पहिला?"

"तोही."

"अख्ख्या कागदात एकही चूक नाही? बाबा, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

तिच्या आईने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मुलगी तोवर बूट चढवत होती. पथक दहा वाजता निघणार होते.

"या वेळी थांबू नकोस," मी म्हणालो.

"नाही थांबणार. वस्तू उचलायला मागून दुसरा माणूस येतोय, मीच मागून घेतलाय," ती म्हणाली, आणि दारापुढच्या पायऱ्या दोन-दोन करत उतरत गेली.